गुडघा

"माजी सैनिकांच्या योजनेतले पेशंट आम्ही सध्या घेत नाही," रुग्णालयाच्या काउंटरवरची मुलगी म्हणाली.

सुरुंगात पाय गमावलेल्या सुभेदार धोंडीरामांनी सुटल्यासारखं वाटून कुबड्या उचलल्या. "चल हौसे, घरी जाऊ."

हौसा तिथंच फरशीवर बसली. कापलेल्या पायाची जखम पुन्हा चिघळली होती. आता आणखी वर कापतील, या धास्तीनं नवऱ्यानं तापही लपवला होता.

"उपचार हा त्यांचा हक्क आहे. डॉक्टरांना बोलवा, मी उठणार नाही." ती काउंटरवरच्या मुलीला म्हणाली. बाकावरचे दोन म्हातारे फौजीही तिच्या शेजारी येऊन बसले.

शेवटी डॉक्टर आले. पट्टी सोडताच त्यांचा चेहरा बदलला. "लगेच आत घ्या. गुडघा वाचतो का बघू."

स्ट्रेचर हलताच सुभेदारांनी सगळ्यांदेखत तिचा पदर घट्ट धरला.

"मला भीती वाटतेय गं. भूल चढेपर्यंत जाऊ नकोस."