लॅपटॉपमधली सकाळ

यवतमाळच्या लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात पुष्पा आणि तिचा बाप लखीराम दुपारी बसले होते. भाव नसल्यानं कापूस घरातच पडून होता; पण पुष्पाला उद्यापासून कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्याच्या ऑफिसात नोकरी होती. तिथं तिच्या लॅपटॉपवर फक्त मूळ विंडोज सिस्टम चालणार होती.

दुकानदार अभिषेकनं लॅपटॉपमधली दुसरी सिस्टम, लिनक्स, पुसून टाकली. लॅपटॉप सुरू झाला. घड्याळात सकाळ होती.

"दोन सिस्टम असल्या की घड्याळ चुकते, ताई. आता तं एकच हाय." त्यानं वेळ दुरुस्त केली. पुन्हा सकाळच आली.

पुष्पाचा फोन वाजला. नंबर बाचा होता. बा शेजारी चहा पीत होता.

"पुष्पा, जीप सुटून राह्यली. येतं का नाही?" आवाजही बाचाच होता. सकाळी त्यानं हेच विचारलं होतं आणि ती धावत जाऊन जीपमध्ये बसली होती.

"येते बा, थांबजो." सकाळसारखंच तिच्या तोंडून निघालं.

"काही बोलतच नाही पोरगी. चला हो, जाऊ द्या." जीप निघाल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

"बा," ती शेजारी वळून म्हणाली.

"काका, लॅपटॉप कोणाचा हाय?" अभिषेकनं तिच्याकडं न पाहता लखीरामला विचारलं.

"पोरीचा. घरीच राह्यली ते."

लखीरामनं पायाजवळची पिशवी उचलली आणि रिकाम्या खुर्चीवर ठेवावी तशी, पुष्पा बसली होती त्या खुर्चीवर ठेवायला वळला.