सगळ्यांचं ऐकणारी लिफ्ट

रंगाऱ्याच्या बायकोला लिफ्टमध्ये जागाच झाली नाही. स्ट्रेचर, सिस्टर आणि वॉर्डातले मामा, एवढ्यानेच लिफ्ट गच्च भरली. "ताई, तुम्ही जिन्याने या. पाचव्या मजल्यावर ऑपरेशन आहे," मामा म्हणाले आणि दार लागलं.

रंगारी परांचीवरून पडला होता. पोटात रक्त साचत होतं आणि श्वास स्वतःचा उरला नव्हता. नळीला जोडलेला फुगा सिस्टर दोन्ही हातांनी दाबत होती. ती थांबली की संपलंच. वर सर्जन हात धुऊन उभे होते.

पहिल्या मजल्यावर लिफ्ट थांबली. दार उघडलं. समोर चिटपाखरू नाही. मग दार आपल्या सवडीने बंद झालं.

"मामा, मधे थांबायची नाही अशी ती किल्ली लावा ना!"

"किल्ली लिफ्टमनकडे. आणि लिफ्टमन जेवायला गेलाय."

झालं! किल्ली नसली की ही लिफ्ट बाहेरून जो कुणी बटण दाबेल त्याचं ऐकते. दुसऱ्या मजल्यावरही थांबली. पुन्हा कुणी नाही. मामांनी मान बाहेर काढून एक सणसणीत शिवी हासडली. ती रिकाम्या पॅसेजमध्ये कुणालाच लागली नाही.

मामांचा फोन वाजला. "अरे, आहात कुठे?" सर्जन ओरडत होते. "खालून निघून किती वेळ झाला!"

"लिफ्टमध्येच आहोत, साहेब," मामा रडवेल्या आवाजात म्हणाले. दुसरं काय सांगणार? स्ट्रेचर जिन्याने न्यावं तर वळणावर वळत नाही, आणि फुगा सोडता येत नाही. सिस्टरला त्या पत्र्याच्या भिंतींना लाथा घालाव्याशा वाटत होत्या.

तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं तेव्हा समोर बायकी चप्पल पडली होती. एकच.

"आजची पोरं म्हणजे नुसता ताप," मामा पुटपुटले. रंगाऱ्याचे ओठ निळे पडायला लागले होते.

चौथ्या मजल्यावर दार उघडलं आणि समोर त्याची बायको उभी होती. एक पाय अनवाणी, छाती भात्यासारखी हलतेय, बोट बटणावर.

"प्रत्येक मजल्यावर दाबलं हो," ती धापा टाकत म्हणाली. "एकदा बघू दे म्हटलं. लिफ्ट येईपर्यंत जीव राहीना, म्हणून पुढे पळत सुटले. हे... आहेत ना?"

सिस्टरने ओठांवर आलेलं सगळं गिळलं. "आहेत, ताई. पण आता बटण सोडा. एकच मजला राहिलाय."

बायकोने बोट काढलं. दार सरकत सरकत बंद व्हायला लागलं. फट हाताएवढी उरली, आणि तिने पुन्हा बटण दाबलं.

दार उघडलं.

"खरं सांगताय ना, सिस्टर?"