नळीचा पीळ

निवड चाचणी दोन दिवसांवर आली, तरी गार्गीच्या रायफलच्या गोळ्या लक्ष्यावर विखुरत होत्या. नवी नळी बाबांनी मोठ्या हौसेनं मागवली होती. नऊ इंचांत गोळीला पूर्ण गिरकी देणारी. बाबाच तिचे प्रशिक्षक. "गिरकी जास्त, तेवढी गोळी सरळ. तुझाच हात हलतोय," ते म्हणत. तिलाही तसंच वाटू लागलं होतं. अन्न गोड लागेना.

त्या सकाळी रेंजवर तिनं धीर केला. "बाबा, नळीच्या आतल्या खाचांचा हा पीळ जड गोळीसाठी आहे. आपली गोळी हलकी, एवढ्या गिरकीनं ती भरकटते. सोळा इंचांत एक गिरकी देणारी जुनी नळीच लावू या."

"नाचता येईना, अंगण वाकडं," बाबा फटकन म्हणाले.

तिला स्वस्थ बसवेना. स्क्रू सोडवून तिनं स्वतःच जुनी नळी चढवली, रायफल टेकणीवर ठेवली आणि पाच गोळ्या झाडल्या. पाचही एका नाण्याएवढ्या जागेत बसल्या.

बाबा बराच वेळ दुर्बिणीला डोळा लावून होते.

"नवी नळी मी डब्यात घालतो," ते हळूच म्हणाले. "तू नेम लावून घे. थोडा डावीकडे जातोय."