परतीची बस

बाळांनो, जरा डोळे मिटा आणि कल्पना करा. तुम्ही पनामाच्या कालव्यात, एका लहानशा शिडाच्या नौकेवर उभे आहात. दोन्ही बाजूंना शेवाळलेल्या भिंती आहेत आणि नौकेखालचं पाणी हळूहळू निघून चाललं आहे. मघाशी कमरेएवढी दिसणारी भिंत आता तीन पुरुष उंच झाली आहे. नौका चार दोरांनी भिंतींना बांधली आहे. पाणी उतरेल तसा ज्याने त्याने आपला दोर थोडा थोडा सोडायचा. धरून ठेवला, तर नौका लटकते आणि दोराची खुंटी मुळासकट उखडते.

एलादिओने दोर धरून ठेवला होता.

दोर करकरला. नौका एका अंगाला कलली. कालव्याने दिलेला वाटाड्या रेनाल्दो सुकाणूच्या चाकाशेजारून म्हणाला, की लेका, इतक्या वर्षांत तुझं असलं काम पाहिलं नाही, झोप लागली की काय? समोरच्या बाजूचा दोर एलादिओच्या बायकोच्या, दामारिसच्या, हातात होता. तिने मान वर न करता सांगितलं, “सोड, एलादिओ.”

त्याने सोडला.

परक्यांच्या नौका कालव्यातून पार करून देणं, हाच या नवराबायकोचा धंदा. नवीन मालक आला की एलादिओ त्याला सगळं समजावून सांगायचा. आधी कालव्याचा माणूस फीत घेऊन येईल आणि नौका या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजेल. त्या लांबीवर शुल्क ठरेल. सव्वाशे फुटी चार दोर लागतील, ते आमच्याकडे भाड्याने मिळतात. नौका भिंतीला घासू नये म्हणून जुने टायर लागतील, तेही आहेत. चाक धरणारा सोडून दोरांवर चार माणसं हवीत, त्यात पोरंसोरं मोजत नाहीत. आणि वाटाड्याला गरम जेवण द्यावंच लागेल, तो नियमच आहे.

या खेपेला मालक हॉलंडचे एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांची बायको आणि मुलगा दोन दोरांवर, एलादिओ आणि दामारिस दोन दोरांवर. शाळेला सुट्टी होती, म्हणून एलादिओ-दामारिसची दहा वर्षांची पोर इत्सेलही आईबापांबरोबर आली होती.

दामारिस या नौकेवरून उतरणार नव्हती. मुलगा लवकरच मायदेशी परतणार होता, म्हणून म्हाताऱ्या जोडप्याला महासागरापलीकडच्या पुढच्या प्रवासासाठी सोबत हवी होती, आणि तिने होकार दिला होता. तीन आठवड्यांपूर्वी टायरांना पिशव्या गुंडाळता गुंडाळता तिने हे नवऱ्याला सांगितलं. सोळा वर्षं लोकांना महासागराच्या दारापर्यंत पोहोचवायचं आणि आपण बसने घरी यायचं, ते आता आपल्याच्याने होत नाही, म्हणाली. एलादिओने विचारलं, परत कधी येशील? तिने पुढचा टायर ओढून घेतला.

इत्सेलला सांगायचं राहिलं होतं. दामारिस म्हणाली होती, मी सांगेन. मग एलादिओ म्हणाला, मी सांगतो. कुणीच सांगितलं नाही. एलादिओच्या मनात एक वेडी आशा होती. जोवर पोरीला सांगितलं नाही, तोवर दामारिसला माघार घेता येईल.

आदल्या दुपारी, कालव्यातल्या पहिल्या दिवशी, तिने नारळाचा भात आणि कोंबडी केली. रेनाल्दोने दोनदा वाढून घेतलं. या हातच्या भातासाठीच मी तुमच्या नौका मागून घेतो, म्हणाला, आणि पुढच्या मंगळवारच्या फ्रेंच नौकेवरही हाच भात हवा, अशी फर्माईश केली. एलादिओ घास हातात धरून बायकोकडे पाहत राहिला. ती म्हणाली, “अजून थोडा घ्या ना.”

शेवटचे दरवाजे उघडले. पलीकडे पॅसिफिक होता, राखाडी, सपाट. बाल्बोआच्या धक्क्याजवळ लाँच आली. दामारिसने चारही दोर वेटोळी करून खाली दिले, मग टायर, मग इत्सेल. पोरीला तिने इतका वेळ कवटाळून धरलं, की लाँचवाला दुसरीकडे बघू लागला. खाली लाँचमध्ये उभ्या एलादिओने हात वर केला, ती खाली उतरताना नेहमी करायचा तसा. दामारिसने तो दोन्ही हातांत धरला आणि सोडला.

लाँच निघाली तेव्हा एलादिओ पोरीला म्हणाला, आईला भांडी आवरायची आहेत, ती मागून येतेय. इत्सेलने मान डोलावली.

बसस्थानकावर त्याने घराकडे, कोलोनला जाणाऱ्या दोन बसगाड्या जाऊ दिल्या. कधी चपलेचा पट्टा तुटल्याचं सांगितलं, कधी गर्दी आहे म्हणाला. तिसऱ्या गाडीचा कंडक्टर ओळखीचा निघाला. टायर डिकीत ढकलता ढकलता त्याने नेहमीसारखी थट्टा केली, की या टायरांचंही अर्धं तिकीट घ्यायला हवं, आणि आज वहिनींना कुठे विसरून आलात?

“येतेय,” एलादिओ म्हणाला.

मागच्या लांब सीटवर इत्सेल खिडकीशी बसली, तिच्या शेजारी एलादिओ. त्याच्या दुसऱ्या बाजूच्या जागेवर त्याने आपली टोपी ठेवली आणि तिच्यावर हात ठेवून तो दाराकडे पाहत राहिला. गाडी भरत गेली. दोघा-तिघांनी विचारलं, त्यांना त्याने नुसतीच मान हलवून नाही म्हटलं. इंजिन सुरू झालं. तेवढ्यात पावाची मोठी पिशवी सांभाळत एक बाई मागेपर्यंत आली. इथे कुणी आहे का, तिने विचारलं.

एलादिओने टोपी आणखी घट्ट धरली.

इत्सेलने त्याच्या मांडीवरून हात लांबवला. त्याची बोटं एकेक करून उचलली, टोपी काढून घेतली आणि त्याच्या ओंजळीत ठेवली. मग ती म्हणाली, “बसा, मावशी. इथे कुणी येणार नाहीये.”