तातेरावांची शुगर

आमच्या नर्सिंग कॉलेजात सरावासाठी एक रबरी पेशंट आहे. मुली त्याला तातेराव म्हणतात. परीक्षेत काचेआड माइकवर बसून तातेरावांचा आवाज मी काढते. या वेळी त्यांची शुगर एकदम उतरलेली दाखवायची होती. "सिस्टर, चक्कर येऊन राह्यली, हातपाय कापून राह्यलेत," हेच मी सकाळपासून प्रत्येकीला ऐकवत होते.

शेवटी तीर्थपुरीची इरम आली. अम्मीच्या दुखण्यापायी तिचे निम्मे तास बुडालेले, लेखीत जेमतेम पास. तिनं तातेरावांचा हात हातात घेतला, मला पुन्हा बोलायला लावलं आणि नीट ऐकलं. मग परीक्षेसाठी ठेवलेला साखरेच्या पाण्याचा ग्लास उचलून ती सरळ माझ्याच खोलीत आली.

"इरम, पेशंट तिकडे बेडवर आहे."

"मॅडम, आधी हे प्या. अम्मीची शुगर उतरली की ती अशीच जड जिभेनं बोलती."

मी कपाळाला हात लावला, तर तळवा घामानं ओला झाला. सकाळी शुगरची गोळी घेतली होती आणि जेवण राहिलं होतं, हे तेव्हा कुठं आठवलं. ग्लास संपला, कापरं थांबलं, तशी माझ्यातली परीक्षक जागी झाली.

"परीक्षेत पेशंटला सोडून आलीस. आता मार्क कशाचे देऊ?"

माझ्या मनगटावरची बोटं न काढता ती म्हणाली, "थांबा ना मॅडम, नाडी मोजून राह्यले."