पहिला फोन

इंधन डेपोच्या सुरक्षा अधिकारी मॅडमनी सहा महिने खपून तेलगळती रोखण्याचा आराखडा तयार केला होता. टाकीटाकीवर सूचनांची पाटी लावली होती आणि कामगारांकडून त्या अशा घोटून घेतल्या होत्या की झोपेतून उठवलं तरी धडाधड म्हणून दाखवतील.

परवान्याचं नूतनीकरण ज्याच्या सहीवर अडलं होतं, तो तपासनीस मात्र पक्का खडूस निघाला. चार नंबरच्या टाकीपाशी थांबून त्याने टाकीवरच्या तात्यांना विचारलं, "समजा, हा व्हॉल्व्ह आत्ता गळायला लागला आणि मॅडम इथे नाहीत. आधी काय कराल?"

"मॅडमना मोबाईलवर कळवणार," तात्या एका दमात म्हणाले. मॅडमची मान अभिमानाने ताठ झाली.

"मग कळवा की."

तात्यांनी खिसा चाचपला आणि जीभ चावली. ठिणगीचा धोका नको म्हणून प्रत्येकाने मोबाईल फाटकावरच्या पेटीत ठेवूनच आत यायचं, हा त्याच आराखड्यातला पहिला नियम होता.

तात्या फाटकाकडे पळत सुटले. त्यांच्यामागे मॅडम, आणि मॅडमच्या मागे घड्याळ बघत तपासनीस. धापा टाकत तात्यांनी पेटीतून आपला फोन काढला आणि मॅडमचा नंबर लावला.



त्याच पेटीत दुसरा फोन वाजू लागला. पहारेकऱ्याने तो लगबगीने काढून मॅडमच्या हातात दिला. "घ्या मॅडम, तुमचाच आहे. काहीतरी तातडीचं असणार."