नजरेची जुळणी

"मॅडम, सरांना असं बघायला शिकवलं कुणी?" मागच्या बाकावरून प्रश्न आला आणि अख्खा वर्ग फिदीफिदी हसला.

पडद्यावर तिच्या नवऱ्याचा चेहरा थांबवलेला होता. क्लोज-अप. समोरच्या नायिकेकडे तो असा बघत होता, की जगात दुसरं काही उरलेलंच नाही.

"नट आहे तो, पगार त्याचाच घेतो," ती म्हणाली. "आणि लक्षात ठेवा, चेहरा एकटा काहीच सांगत नाही. पुढचा शॉट नायिकेचा जोडला, तर ते प्रेम. तिथे पाव ठेवला, तर तीच भूक. नजर पडद्यावर जुळत नसते, तुमच्या डोक्यात जुळते."

मुलांनी ते उतरवून घेतलं. तिला स्वतःला मात्र ते काही केल्या पटेना. जिवाचा नुसता जळफळाट होत होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसाने आपल्याकडे कधी असं पाहिलं? जेवताना वर्तमानपत्र, चहाला मोबाइल. आणि ती भवानी समोर आली, की डोळ्यांत दिवे!

संध्याकाळी तो घरात पाऊल टाकतो न टाकतो तोच तिने तोंड सोडलं.

"काय चाललंय तुमच्या दोघांत?"

"कुणाच्या?"

"वेड पांघरू नकोस. तो क्लोज-अप पाहिलाय मी."

तो आधी गोंधळला, मग खो खो हसत सुटला. "अगं, ती सेटवर होती कुठे तेव्हा? तिचे शॉट सकाळीच उरकले आणि बाईसाहेब पसार. माझ्यासमोर लाइटचा स्टँड होता नुसता. तिच्या डोळ्यांच्या उंचीवर चिकटपट्टीची फुली मारली होती. त्या फुलीकडे बघत होतो मी."

"थापा मारू नकोस."

"मेकअपच्या ताईंना विचार हवं तर."

तिने खरंच विचारलं. लाजबीज सोडून, त्याच्यासमोरच फोन लावला.

"फुलीच होती हो!" ताई पलीकडून म्हणाल्या. "आम्ही हसून हसून मेलो. म्हटलं, हिच्याशीच लग्न लावून देऊ का? पण काही म्हणा, फुली दिली की तुमचा नवरा कमाल करतो. समोर खरं माणूस असलं की बिचारा पार अवघडतो."

फोन ठेवल्यावर तिला हायसं वाटलं. हसूही आलं. चिकटपट्टीवर जळत होतो आपण! तरी मनातली सल काही जाईना.

"मग एकदा माझ्याकडे बघ ना तसं," ती म्हणाली.

तो कावराबावरा झाला. "आत्ता? असं लगेच कसं जमेल?"

"बायकोकडे बघायला तालीम लागते का रे तुला?"

"उद्या," तो म्हणाला. "उद्या नक्की."

दुसऱ्या दिवशी ती कॉलेजातून आली, तर घर चक्क आवरलेलं. टेबलावर दोन कप चहा. वर्तमानपत्र नाही, मोबाइल नाही. ती नेहमीच्या जागी बसायला गेली, तर त्याने भिंतीकडची खुर्ची पुढे केली.

"आज इथे बस. उजेड छान पडतो तुझ्यावर."

"काय ते नखरे नटाचे!" ती म्हणाली, पण बसली. पर्स खुर्चीच्या पाठीला अडकवली.

"जरा ताठ. हां, बस्स."

मग त्याने पाहिलं. तीच नजर. तसूभरही कमी नाही. इतक्या वर्षांची कुरकुर, कालचा थयथयाट, सगळं त्या नजरेत विरघळून गेलं.

"पुरे रे," ती कशीबशी म्हणाली. "मीच वेडी. उगाच संशय घेत बसले."

"चहा गार झाला बघ," तो म्हणाला, आणि कप उचलून गरम करायला आत गेला.

तिचे डोळे भरून आले होते. पर्समधून रुमाल काढायला ती मागे वळली. भिंतीवर, मघाशी तिचा कान होता त्याच्या अगदी शेजारी, चिकटपट्टीची फुली मारलेली होती.